‘ठावक नाय’चे चणे

संध्याकाळी पुळणीवर गेलं की बाकीच्यांना सूर्यास्त दिसतो, मला येमेन दिसतं. खरं म्हणजे दिसत काहीच नाही. पाणी, पाण्यावर तांबूस उजेड, परतणारी एखादी होडी आणि त्यापलीकडे धुरकट होत गेलेली रेघ. पण त्या रेघेच्या मागे, खूप मागे, येमेनचा किनारा आहे आणि तिथेही कुणीतरी चपला हातात घेऊन वाळूत उभं असेल, असं मला दर वेळी वाटतं. हे खूळ माझं नव्हे. ते सांतान मास्तरांनी माझ्या डोक्यात घातलं, आणि आता ते काही निघायचं नाही.

मास्तर आमचे शेजारी. आचऱ्याच्या अलीकडे रस्ता समुद्राला खेटून वळतो, तिथे आमची वाडी. त्यांच्या आणि आमच्या आवारात कमरेएवढा दगडी गडगा. त्या गडग्यावरून वाट्या इकडून तिकडे जायच्या, नाताळात नेवऱ्या यायच्या, चतुर्थीला मोदक जायचे. आता त्यांच्या घराला कुलूप आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला त्यांची लेक क्लारा आली आणि दोघांना आपल्याकडे मडगावला घेऊन गेली. गडग्यावर हल्ली फक्त आमचं मांजर बसतं.

मास्तर आत कट्टा गावाकडच्या एका शाळेत भूगोल आणि खेळ असे दोन विषय शिकवायचे. एकाच माणसाच्या गळ्यात हे दोन विषय का मारले ते शाळेलाच ठाऊक. पण त्याचा परिणाम असा झाला की मास्तर मैदानावर अक्षांश-रेखांश आखायचे आणि वर्गात शिट्टी मारायचे. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातच राहिली. उंच, काटकुळे, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. चर्चला जाताना तेवढी लांब पँट. शिट्टी मात्र शर्टाच्या आत असायचीच. प्रार्थनेला वाकले की ती बाकाला लागून टक्‌ असा आवाज येई.

या माणसाला साधं बोलता येत नसे. म्हणजे बोलणं सुरू साधंच व्हायचं, पण मध्येच प्रश्न येई. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते विचारत, “जिराफाच्या मानेत हाडां किती सांगा बघूया?” तो बिचारा खिडकीबाहेर बघायला लागे. मग मास्तर हळूच सांगत, “तुमच्या मानेत जितकी तितकीच. सात.” आणि तो माणूस कट्ट्यापर्यंत स्वतःची मान चाचपत बसे.

मासळी घेतानाही तेच. एकदा आमच्या दारात कोळीण टोपली उतरवून बसली होती. मास्तरांनी गडग्यावरून वाकून विचारलं, “पापलेटाक पापणी आसता काय गो?”

ती म्हणाली, “मास्तरांनू, पापलेट घेतास काय तेका काजळ घालतास?”

“नसता गो पापणी. डोळे उघडे ठेवनच झोपता ता.”

“झोपांदे बापडा. तुमी घेतास काय ता सांगा.”

त्यांनी घेतलं. पण नंतर मी पाहिलं, ती बाई टोपली डोक्यावर घ्यायच्या आधी एका पापलेटाकडे जरा वेळ बघत राहिली होती.

मास्तरांच्या प्रश्नांचं हे असंच असे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात सापडतात तसलेही प्रश्न त्यांच्याकडे होते. राजधान्या, गोलपोस्टची रुंदी, सगळ्यात खोल समुद्र. पण त्यांचे लाडके प्रश्न वेगळे. ते ऐकले की हातातलं काम थांबे आणि माणूस उगाच कुठेतरी लांब जाऊन येई. मी स्वभावाने उतावळी, मला लगेच उत्तर द्यायची घाई. मास्तर म्हणायचे, “सुलू, वायच थांब गो. प्रश्नाक तोंडात विरघळांदे.”

त्यांच्या प्रश्नांचा खरा दरबार भरायचा मे महिन्यात. आमच्या वाडीच्या तिठ्यावर एक जुना खुरीस, म्हणजे क्रूस, आहे, चुन्याने रंगवलेला. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तिथे लदीन असते. ख्रिश्चन घरांतली माणसं मेणबत्त्या लावतात, खुर्साला अबोलीच्या माळा घालतात, एक जण व्हायोलिन वाजवतो आणि सगळे मिळून प्रार्थना गातात. आम्ही बाकीची वाडी मागे उभी असतो. शब्द कळले नाहीत तरी शेवटचा सूर आम्हीही धरतो. मग उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या वाटल्या जातात. पुरुषमाणसं माडांच्या मागे जाऊन पेल्यातून काय घेतात ते आम्हा बायकांना अधिकृतपणे माहीत नाही.

ते चणे उकडायची मास्तरांची बायको, पियादबाय. बुटकी, गोल, फुलाफुलांचा झगा, आणि हसायला लागली की आधी खांदे हसायचे, मग तोंड. पण वाटप मास्तरांच्या हाती. आणि मास्तर चणे असे सहजासहजी थोडेच देणार? त्यांचा नियम होता. बरोबर उत्तराला भरलेली मूठ. चुकीच्या उत्तराला काही नाही. ज्याला येत नसेल त्याने उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं “माका ठावक नाय” म्हणायचं, त्याला अर्धी मूठ. आणि जो दुसऱ्याला उत्तर फोडेल, त्याने रस्ता ओलांडून पलीकडच्या माडाखाली एकट्याने बसायचं.

“ठावक नाय म्हणणाऱ्याक चणे कित्याक?” असं एकदा कोणीतरी विचारलं.

मास्तर म्हणाले, “चुकीचा उत्तर दिलास काय प्रश्न मरान जाता. ठावक नाय म्हटलास तर तो जितो रवता. जित्या प्रश्नाक खाऊ नको?”

सुरुवातीला लोक लाजायचे. चारचौघांत उभं राहून आपल्याला येत नाही असं कोण ओरडून सांगेल? पण चण्यांचा मोह वाईट. हळूहळू आमच्या वाडीला सवयच लागली. बाहेरगावची माणसं अजून हसतात, आमच्याकडे पत्ता विचारला आणि माणसाला ठाऊक नसला, की तो छाती पुढे काढून सांगतो, “माका ठावक नाय!” जणू बक्षीसच मिळणार आहे.

येमेनचा प्रश्न त्याच दरबारातला. मास्तरांनी छत्रीचं टोक समुद्राकडे रोखलं आणि विचारलं, “हयसून नाकासमोर पश्चिमेक गेलो, डावीकडे नाय, उजवीकडे नाय, तर पयली जमीन खंयची लागतली?”

“दुबई!” अख्खी वाडी एका आवाजात. कोणाचा मुलगा तिथे, कोणाचा भाऊ तिथे, कोणाचा जावई तिथे. आमच्या लेखी समुद्राच्या पलीकडे दुसरं काही असूच शकत नव्हतं. पियादबायचा मुलगाही तिथेच, ती तर चण्यांचा टोप सोडून उभी राहिली होती. “दुबई! आमचो नेल्सन आसा थय!”

“चुकीचा,” मास्तर म्हणाले. “येमेन. दुबई खूप उत्तरेक रवली.”

वाडी हिरमुसली. इतकी वर्षं संध्याकाळी समुद्राकडे बघून ज्यांची आठवण काढली, ती माणसं तिथे समोर नव्हतीच. पियादबाय तर चिडलीच. “मगे मी रोज खंय बघतंय? माझो झील थय नाय, आणि मी येमेनाक बाय करतंय?” तिचे खांदे हसायला लागले आणि मग सगळा तिठा हसला. तिला त्या दिवशी एकही चणा मिळाला नाही. उकडले तिनेच होते. मास्तर नियमाच्या बाबतीत असे दगड.

तिची उत्तरं नेहमी चुकायची, कारण ती अंदाजानेच द्यायची आणि ठसक्यात द्यायची. आठपायी माकुलाला काळजं किती, तर तीन, हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तीन काळजां? मगे तेका बायलो पण तीन लागतल्यो.” गळ्यात जिभेच्या मुळाशी एक हाड असतं, ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, असं ऐकल्यावर सगळ्या लदीनीने हनुवट्या वर करून आपापले गळे चाचपले. पियादबायने गळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “एकटाच? बापडा.” मास्तर तिच्याकडे असे बघत राहिले की पुढचा प्रश्न विसरले. ती त्यांना सगळ्यांसारखीच “मास्तर” म्हणायची. मी तिच्या तोंडून दुसरी हाक ऐकलेली नाही.

मास्तर नियम फक्त दुसऱ्यांसाठी ठेवायचे असं कोणी म्हणू नये. मे महिन्यातच पुळणीवर वाड्यावाड्यांची क्रिकेट मॅच असते. भरती चढत जाते तसं मैदान अरुंद होत जातं, आणि शेवटची ओव्हर बहुधा घोट्याएवढ्या पाण्यात पडते. अंपायर अर्थात मास्तर, शिट्टीसकट. एकदा शेवटच्या चेंडूवर धावबादचं अपील झालं. सूर्य बरोबर स्टंपांच्या मागे टेकलेला. दोन्ही बाजू बोंबलत मास्तरांभोवती जमल्या. मास्तरांनी शिट्टी मारून सगळ्यांना गप्प केलं, ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “माका ठावक नाय!”

“ठावक नाय म्हणजे?” कॅप्टन कपाळावर हात मारून घेत म्हणाला. “मगे तुमी अंपायर कित्याक झालास?”

“जा दिसला ता सांगूक. ह्या दिसूक नाय. सुर्य डोळ्यांत होतो.”

एवढं बोलून त्यांनी चड्डीच्या खिशातून चणे काढले आणि शांतपणे खाल्ले. अर्धी मूठ, नियमाप्रमाणे. भांडण भरतीने स्टंप नेईपर्यंत चाललं. दोन्ही वाड्या ती मॅच आपणच जिंकलो असं आजही सांगतात, आणि मला वाटतं त्यामुळेच ती मॅच अजून कोणी विसरलेलं नाही.

पियादबायच्या विसरण्याने आधी मीठ नेलं. एका लदीनीला चणे अळणी होते. सगळ्यांनी ते तसेच खाल्ले. पुढे एकदा गडग्यावरून तिने मला आमचीच वाटी परत दिली आणि ती रिकामी होती. ती रिकामी का दिली हे तिला सांगता येईना. मग एके दिवशी ती दुपारी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि आपलं घर कुठलं ते शोधू लागली. मी तिला हाताला धरून पलीकडे नेलं. मास्तर दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते काही विचारायला म्हणून तोंड उघडत होते, पण त्या दिवशी त्यांच्याकडून प्रश्न आला नाही.

कुडाळच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिने पियादबायला समोर बसवलं आणि विचारलं, “आजी, आत्ता महिना कोणता चालू आहे?”

पियादबायने मास्तरांकडे पाहिलं. आणि मास्तरांनी ओठ हलवले. आवाज न करता, पण स्पष्ट. मी शेजारीच होते, माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

“मार्च,” पियादबाय म्हणाली.

“छान. आपला जिल्हा कोणता?”

“रत्नागिरी.” हे तिचं स्वतःचं होतं, ठसक्यात.

डॉक्टरने कागदावर काहीतरी खूण केली. मास्तर खुर्चीतून पुढे सरकले आणि एकदम शाळेतल्या मराठीत म्हणाले, “मॅडम, ते चूक धरू नका. ती शाळेत होती तेव्हा आपण रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. सिंधुदुर्ग नंतर वेगळा झाला. तिच्या वेळेचं उत्तर बरोबर आहे.”

“मास्तर, ही काही परीक्षा नाही,” डॉक्टर हसून म्हणाली. “आणि तुम्ही त्यांना सांगू नका बरं.”

“परीक्षाच आहे,” मास्तर म्हणाले.  “तुम्ही विचारा. मी बाहेर थांबतो.” ते उठून बाहेर गेले. दार बंद होईपर्यंत पियादबाय त्यांच्या पाठीकडे बघत राहिली, आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना तिने अंदाजाने उत्तरं दिली. ती फार लाजली होती. माझ्या मनात येत होतं, कोणीतरी तिला अर्धी मूठ चणे द्यावेत.

निघताना डॉक्टरने सांगितलं ते थोडक्यात असं, की हे असंच उतरत जाणार. जुनं उशिरा जाईल, नवं आधी. माणसं, नावं, कधी काय हातून सुटेल ते सांगता येत नाही. बोलत राहा.

येताना कट्ट्याला चहाला थांबलो. पियादबाय आणि मी बाकावर बसलो. मास्तर आपला पेला घेऊन रस्ता ओलांडून गेले आणि पलीकडच्या झाडाखाली एकटे उभे राहून चहा प्यायला लागले. मी त्यांना बोलवायला गेले.

“मास्तरांनू, हय कित्याक उभे?”

“उत्तर फोडलंय मगे,” ते म्हणाले.

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच अडकलं. मग ते स्वतःच परत आले, पियादबायच्या शेजारी बसले आणि तिला म्हणाले, “पियाद, येना नाय तर मोठ्यान सांग. अदमासान बोला नको. माझ्याकडे बघा नको.”

“लाज दिसता, मास्तर. इतकी वर्सां तुमचा सगळा ऐकलंय, आणि माका कायच कसा येना नाय?”

“ठावक नाय म्हणूक लाज कसली गो? तेका चणे आसत.”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं पुळणीवर दिसू लागली. मास्तर एका हातात चपला, दुसऱ्या हातात तिचा हात. खिशात चणे. मी कामावरून आले की वाळूच्या उंचवट्यावर बसून त्यांच्याकडे बघायची. वारा असेल तर शब्दही यायचे. मास्तर विचारत जायचे आणि ती उत्तरं द्यायची. माकुलाला काळजं किती? तीन. काजूची बी कुठे असते? फळाच्या बाहेर. आणि नवल म्हणजे, आता तिची उत्तरं बरोबर येत होती. जन्मभर जी तिने ठसक्यात चुकवली, ती सगळी कुठेतरी तळाला साठून होती. “नाकासमोर गेलो तर?” “येमेन!” ती हात वर करून सांगायची. नेल्सनचा दुबईहून फोन आला की मात्र “कोण?” म्हणून विचारायची.

आणि जे येत नसे ते ती मोठ्याने सांगायला शिकली होती. “माका ठावक नाय!” ओल्या वाळूवरून तिचा आवाज टुणटुणत यायचा. तिची ती जुनी लाज गेली. अर्धी मूठ घेताना खांदे हसायचे.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मास्तर देश विचारत, मासे विचारत, हाडं विचारत, फळं विचारत. माणूस कधी विचारत नसत. ज्याचं उत्तर एखाद्या माणसाचं नाव असेल असा एकही प्रश्न नाही. एकदा मी उतावळेपणाने म्हणालेच, “मास्तरांनू, तुमचा नाव इचारून बघितलास काय कधी?”

मास्तरांनी शिट्टी बोटांत फिरवली. “जगातले सगळे प्रश्न इचारीन सुलू. तो एक इचारूचंय नाय. ता उत्तर माका सोसाचा नाय.”

तेव्हा मला कळलं की त्यांचे हे सगळे देश आणि मासे म्हणजे एक भलं मोठं कुंपण होतं. मध्ये एक नाव होतं आणि ते ढासळू नये म्हणून ते भोवतीने फिरत होते. तिने “मास्तर” अशी हाक मारायचं केव्हाच थांबवलं होतं. पण हाक न मारणं वेगळं आणि ओळख नसणं वेगळं, या फटीत त्यांनी स्वतःला ठेवलं होतं.

एका संध्याकाळी आमच्या पुळणीवर कासवाची पिल्लं सोडली. घरटं राखणाऱ्या माणसांनी टोपलीतून आणून ती वाळूवर ठेवली. तळहातात मावतील एवढाली, फडफडत, पडत, लाटेकडे. पाण्यावर उजेड इतका मऊ होता की पिल्लं पाण्यात शिरली की ती कुठे संपली आणि उजेड कुठे सुरू झाला ते दिसेना. पियादबाय गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती.

“ही परत येतली?” तिने विचारलं. आता प्रश्न ती विचारत होती.

“माद्यो येतल्यो. मोठी झाली काय, अंडी घालूक. ह्याच किनाऱ्यार.”

“काळोखातसून? इतक्या पाण्यातसून? वळाखतली कशी?”

मास्तरांनी पुस्तकातलं सांगायला सुरुवात केली, पृथ्वीचं चुंबकत्व आणि काय काय. मग थांबले.  “माका ठावक नाय,” ते म्हणाले. मोठ्याने नव्हे. खिशातून चणे काढले, पण खाल्ले नाहीत, नुसते मुठीत धरून उभे राहिले.

त्यानंतरची लदीन ही शेवटची. चणे या वेळी मीच उकडले, मास्तरांनी दोनदा मीठ तपासलं. तिठ्यावर माणसं जमली, खुर्साला अबोली चढली. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना पियादबायने अख्खी म्हटली, एक शब्द चुकला नाही. मास्तरांचा चेहरा उजळला होता. त्या वर्षी एक म्हातारे फादर, पूर्वी आमच्याकडच्या चर्चला असलेले, पाहुणे म्हणून आले होते. माणूस प्रेमळ, ऐकायला कमी, आणि बरीच वर्षं लांब राहिल्यामुळे पियादबायच्या विसरण्याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. मास्तरांचा खेळ त्यांना आठवत होता. वाटप सुरू व्हायच्या आधी ते काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, “आज पयलो प्रश्न माझो! पियादबाय, तुका सोपो घालतंय हां. हो तुझ्या बाजूक बसलो आसा, तो कोण सांग बघूया?”

 मी हातातलं झाकण तसंच धरून राहिले. क्षणभर मला त्या भल्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की काय सांगू. लदीनीसाठी आलेल्या क्लाराने आईचा खांदा धरला, ती तिच्या कानाकडे वाकली. तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला. “क्लारा,” ते म्हणाले, “उत्तर फोडू नको.”

पियादबायने मास्तरांकडे तोंड वळवलं. नीट बघितलं. पांढरे बूट, शिट्टी, चेहरा. सावकाश, एखादी लांबची होडी कुणाची ते बघावं तशी बघत राहिली. मास्तर हलले नाहीत. त्यांनी ओठही हलवले नाहीत, मी बघत होते. 

मग ती झगा सावरत उभी राहिली, शिकवलं होतं तशी, आणि सगळ्या तिठ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माका ठावक नाय!”

आणि हसली. तिला बरोबर जमलं होतं ना!

मास्तरांनी खिशात हात घातला नाही. ते उठून माझ्याकडे आले, टोपात दोन्ही हात घातले आणि भरलेली ओंजळ तिच्या झग्याच्या घेरात ओतली. नियम अर्ध्या मुठीचा होता. जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी तो मोडला. “खरा सांगलंस,” ते तिला म्हणाले, “खरा सांगलंस हां.”  माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

ती चणे खायला बसली, मास्तर पुन्हा तिच्या शेजारी बसले. दोन-चार खाल्ल्यावर तिचं लक्ष शेजारी बसलेल्या माणसाच्या रिकाम्या हातांकडे गेलं. कधीही “तुमी”शिवाय न बोललेली ती बाई त्यांना म्हणाली, “तुका गावले नाय रे?”

 मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

“घे,” ती म्हणाली, “मोठ्यान सांगलंस तर देतत हय.” आणि तिने आपल्यातले अर्धे चणे त्यांच्या ओंजळीत घातले, वर खोबऱ्याची एक कातळी ठेवली. मास्तरांनी ते एकेक करून सगळे खाल्ले.